ताईंच्या पेनड्राइव्हवर घातलेला आळ

महागावात ‘कम्प्युटरवाल्या मॅडम’ म्हणून माझी थोडी ओळख होती, आणि ती मला फार आवडायची. शाळेतल्या शिक्षकांचे अर्ज भरून द्यायचे, कुणाचा फॉर्म अडकला की सोडवायचा, आणि वर दोन गोष्टी सुनावायच्या. ‘कुठलीही लिंक उघडू नका, कुणाचाही पेनड्राइव्ह लावू नका.’ लोक माना डोलवायचे. मला मात्र वाटायचं, या गोष्टी आपल्यासाठी नाहीत, दुसऱ्यांसाठी आहेत.

फुलसावंगीच्या रस्त्यावर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या अंगणवाडीच्या ताई दर रविवारी माझ्याकडे यायच्या. त्यांची सासू गोर बोलीतली, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीतली, जुनी गाणी म्हणायची. होळीच्या लेंगी आणि लग्नात नवरी माहेर सोडताना गळ्यात पडून रडत गाते तो ढावलो. सासूचं वय झालेलं. ताईंनी फोनवर तिचा आवाज भरून घेतला होता आणि गाण्यांचे शब्द माझ्या कम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करत बसायच्या. एक ओळ झाली की स्वतःच मोठ्यानं वाचून हसायच्या. वर्षभर हे चाललं. त्यांचा फोन भरला म्हणून सगळं रेकॉर्डिंग मीच कम्प्युटरवर काढलं आणि फोनमधून पुसून टाकलं. दुसरी प्रत त्यांच्या पेनड्राइव्हवर होती. स्टॅंडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी तो एकदा लावला होता, त्यावरून मी त्यांना चांगलंच बोलले होते.

त्या हिवाळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मला प्रमाणपत्रं छान बनवायची होती. त्यासाठीचा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागत होता. मी एका साइटवरून फुकटचा उतरवला. अँटीव्हायरसनं लगेच लाल खिडकी उघडून अडवलं. साइटवर लिहिलंच होतं, आधी अँटीव्हायरस बंद करा. मी बंद केला. एकदा नाही, दोनदा ‘खात्री आहे का’ असं विचारलं त्यानं, आणि दोन्ही वेळा मी ‘हो’ दाबलं. प्रमाणपत्रं सुरेख झाली. अँटीव्हायरस पुन्हा चालू करायचं राहून गेलं.

चार दिवसांनी कम्प्युटर उघडला तर प्रत्येक फाइलच्या नावाला भलतीच शेपटी लागलेली. एकही उघडेना. मध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी: फाइली कुलूपबंद केल्या आहेत, परत हव्या असतील तर पैसे पाठवा. ताईंचा पेनड्राइव्ह आदल्या रविवारपासून मागे तसाच लावलेला होता. त्यातलंही सगळं गेलं होतं.

माझी शाळेची कागदपत्रं ईमेलवर होती. ताईंचं दुसरीकडे कुठे काहीच नव्हतं.

पुसदच्या दुरुस्तीवाल्यानं पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, अँटीव्हायरस काहून बंद केला तुम्ही?”

“पेनड्राइव्हमधून तर नसेल आला?” मी म्हटलं.

“नाही ना. हा तुम्ही उतरवला त्या प्रोग्रॅमसोबत आला. पेनड्राइव्ह बिचारा मंग सापडला त्यात.” फाइली परत मिळणार नाहीत, हेही त्यानं स्पष्ट सांगितलं.

म्हणजे रविवारी ताई आल्या तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला समजावत होते की तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं.

ताई स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या. हात पदरात गुंडाळलेले. मग हळूच म्हणाल्या, “मॅडम, माह्या पेनड्राइव्हनं झालं का हे? झेरॉक्सवाल्याकडं लावलता ना मी.”

मी म्हटलं, “असू शकतं.”

बस, एवढंच. त्यांचा चेहरा उतरला. गाण्यांचं काही बोलल्या नाहीत त्या. म्हणाल्या, “तुमचा कम्प्युटर खराब केला मी. तुम्ही सांगतलं होतं, तरी केला.” पुढच्या रविवारी त्यांनी पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या, दारातच दिल्या आणि आत न येता परत गेल्या. मी त्या शेंगा मीठ घालून उकडल्या. चवीनं खाल्ल्याही.

नंतर त्या यायच्या बंद झाल्या. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

दोनेक महिन्यांनी अंगणवाडीच्या सेविकांचं एक प्रशिक्षण होतं. घरचा नि ऑफिसचा कम्प्युटर कसा जपायचा, हे सांगायला मला बोलावलं होतं. मी सांगू लागले: अँटीव्हायरस कधी बंद करायचा नाही, फुकटच्या प्रोग्रॅमच्या नादी लागायचं नाही, महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून पेनड्राइव्ह बाजूला ठेवायचा. ताई तिसऱ्या रांगेत होत्या. सगळ्यांनी एकेक फाइल पेनड्राइव्हवर उतरवून बघायची होती. त्यांनी हात मांडीवरून उचललेच नाहीत. शेजारणीनं कोपरानं ढोसलं, तशा त्या उभ्या राहिल्या.

“मी नाही लावत,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “माह्या पेनड्राइव्हनं मॅडमचा कम्प्युटर गेला. मॅडम काही बोलल्या नाही, मोठं मन हाय त्याईचं. पण बायांनो, तुम्ही असं करू नका.”

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. तेव्हा बोलायला हवं होतं. मी घसा खाकरला आणि म्हटलं, “चला, पुढे जाऊ.”

आठवडाभर ते ‘मोठं मन’ कानात राहिलं. शेवटी स्कूटी काढून तांड्यावर गेले. ताई अंगणात सुपानं तूर पाखडत होत्या. सासू बाजेवर बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: अँटीव्हायरस मी बंद केला, व्हायरस माझ्यामुळे आला, आणि तुम्ही विचारलं त्या दिवशी मला ते ठाऊक होतं.

सूप थांबलं. मग म्हणाल्या, “मंग ट्रेनिंगमंधी मी उभी राह्यली, तवा तुमाले तोंड नोतं का?”

मी खाली सांडलेल्या तुरीकडे बघितलं.

“घरच्याईच्या मोबाइललेबी हात लावत नोती मी. वाटे, माह्या हातातच काही खराबी हाय.”

सासूनं काही विचारलं. ताईंनी गोर बोलीत तिला सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं ते कळलं. तरी ताई उठल्या आणि चहा केला. तो मी कसा संपवला, माझं मलाच माहीत.

पुढच्या प्रशिक्षणात सगळ्यांसमोर खरं सांगितलं. ताई तेव्हा आल्या नव्हत्या. त्यांना ते दुसऱ्यांकडून कळलं असणार, पण त्या विषयावर त्या कधीच बोलल्या नाहीत.

आता रविवारी मीच तांड्यावर जाते. आम्ही ताईंच्या फोनवर गाणी पुन्हा भरून घेतो आहोत. मी नेलेल्या लॅपटॉपवर टाइप ताईच करतात, आणि दोन पेनड्राइव्हवर प्रती काढून दोन्ही आपल्या पेटीत ठेवतात. म्हातारीचा दम आता पुरत नाही. लेंगी बऱ्याचशा परत मिळाल्या. ढावलोतल्या काही ओळी मात्र तिला आठवत नाहीत. मध्येच थांबते, ओठ हलतात, शब्द येत नाही, आणि ती सुनेकडे बघते. ‘तुझ्याकडे लिहून होतं ना?’ असंच काहीसं विचारत असावी.

ताई तेव्हा फोनकडे बघत राहतात. माझ्याकडे बघत नाहीत.