वजनावर बॅटरी घेणारे नाखवा

जगू नाखवा माझ्या रबाळ्याच्या दुकानात बॅटरी बघायचे तेव्हा आधी तिला टिचकी मारत, मग कमरेत वाकून उचलून बघत, आणि शेवटी माझ्याकडे असं बघत की जणू मी शिळे बोंबील ताजे म्हणून विकायला बसलोय. नाखवा गेल्या वर्षी गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण नाखव्यांनी ती सोय फारशी ठेवलेली नाही.

ते तळवलीचे. खाडीत छोटी होडी. सुकाणू त्यांच्याकडे, जाळं त्यांच्या बायकोकडे, जनाबाईंकडे, आणि शेवटचा शब्दही जनाबाईंकडेच. पण डिझेलच्या धुराने बाईंना धाप लागली. वाक्य पुरं होईना इतका खोकला. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद, नाहीतर होडी बंद. बाई घरी बसल्या आणि नाखव्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "तिचे शिवाय जालं कोन वढील?" एवढंच म्हणायचे. जाळं ओढायला गावात माणसं मिळत होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. मलाही थोडी अक्कल आहे.

त्यांनी विजेची मोटर घेतली आणि बॅटरी निवडायला माझ्याकडे आले. मी लिथियमची दाखवली. हलकी, जास्त वेळ चालणारी. नाखव्यांनी ती एका हाताने उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"शेठ, यो डबा रिकामा हाय. मना येडा समजतंस काय? वजन नाय त जीव नाय!"

हे त्यांचं विज्ञान. त्यापुढे माझी डिग्री काय टिकणार? त्यांनी इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी निवडली. दुकानातली सगळ्यात जड होती, म्हणून सगळ्यात चांगली. मी बजावलं, "नाखवा, ही निम्मी उतरली की माघारी फिरायचं."

"निम्मीच वापराची त निम्मीच दे नं!"

बॅटरीला हळदकुंकू लागलं, हार पडला. जनाबाई पुन्हा होडीत बसल्या. ओहोटीबरोबर जायचं आणि भरतीबरोबर यायचं, हा खाडीचा वाडवडिलांपासूनचा रिवाज. पण जड बॅटरीच्या मालकाला रिवाज कशाला हवा? गावाला दाखवायचं म्हणून नाखवा पहिल्याच दिवशी भर ओहोटीत, पाण्याला उलटे निघाले. बॅटरीने अर्ध्या वाटेत मान टाकली. पाणी उतरलं, होडी नवराबायकोसकट चिखलात बसली, आणि गावाने ते काठावरून मनसोक्त पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. मी भांडणाच्या तयारीत होतो. 'सांगितलं होतं ना' हे वाक्य अगदी जिभेवर होतं.

"शेठ, भरती येईपावत शिव्या घातल्यान तिनं. माज्या सात पिढ्या काढल्यान. दम खायाला पन थांबली नाय."

"मग? हलकी देऊ आता?"

त्यांना ते ऐकूच गेलं नसावं.

"येकदा पन खोकली नाय, शेठ. येकदा पन नाय."

असं म्हणून ते स्टुलावर बसले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागले. मी चहा सांगितला. त्यांना शहाणपण शिकवायची माझी हौस तिथेच फिटली.