दुपारची हजेरी

सकाळी विशाखावहिनी शिवगंगाचं अंग पुसून द्यायची, केस विंचरायची आणि मग इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवायची. बोटं मिटत नव्हती. शिवगंगा दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून ते छातीशी धरून ठेवायची. पहिल्यापहिल्यांदा तिला फार संकोच वाटायचा. खाटेला लघवीची पिशवी लटकलेली आणि हातात लिंग. तेव्हा आई, लक्ष्मम्मा, होती. ती म्हणाली होती, "आपल्या लिंगायतांत विटाळ न्हाई, बाळ. धर आणि गप डोळे मिट." आई गेली, पण ते वाक्य खाटेपाशीच राहिलं.

पूजा झाली की वहिनी तिला डाव्या कुशीवर वळवायची, पाठीमागे उशी लावायची. निघण्याआधी पुन्हा पाठीवर करायची, कारण कुशीवर असताना फोनपर्यंत हात पोचत नसे. दहाला भाऊ बँकेत, वहिनी शाळेत. आतून दार उघडायला कोणी नाही, म्हणून कुलूप बाहेरून लागायचं. ते पाचला निघायचं.

शिवगंगाही पूर्वी शाळेत शिकवायची, लातूरजवळच्या एका गावात. एका लग्नाला जाताना नवऱ्याच्या मोटरसायकलच्या चाकात पदर गेला आणि ती मानेवर पडली. खांदे हलत राहिले, खालचं सगळं गेलं. नवऱ्यानं, श्रीमंतनं, तिला दवाखान्यातून सरळ नांदेडला, तिच्या भावाच्या घरी आणलं. "सांभाळायला बाई मिळेपर्यंत," म्हणाला. बाई मिळाली नाही की शोधली नाही, ते कोणी विचारलं नाही. आता दिवाळीला त्याचा फोन येतो. बरी आहेस ना, बरी आहे, एवढंच.

मोबाइल तिच्या छातीवर स्टँडला अडकवलेला असे. बोटाच्या पेरानं ती एकेक अक्षर दाबायची. व्हॉट्सअॅपवरचा ग्रुप तिनं असाच उभा केला, पाठीवर पडून. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी दोन-तीन नंबर दिले होते. त्यांतून धर्माबादचं कोणी आलं, उदगीरचं कोणी. कोणी झाडावरून पडलेलं, कोणी विहिरीत, कोणी ट्रकखालून वाचलेलं. सगळ्यांचा मणका गेलेला. सुरुवातीला ग्रुपवर फुलांचे फोटो आणि तेलाचे उपाय यायचे. शिवगंगानं नियम केला: इथं उपचार सांगायचे नाहीत, कूस सांगायची. आपल्या अंगाला दुखणं कळत नाही. एकाच अंगावर पडून राहिलं की कातडी आतून कुजते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून सकाळी, दुपारी, संध्याकाळी कूस बदलायची आणि कोणती ते लिहायचं. डावी किंवा उजवी.

"शाळा सुटली तरी हजेरी सुटली न्हाई बाईंची," देगलूरचा गुरुलिंग म्हणायचा. "माझी बायको म्हणून राहिली, धपाटं बी इतक्यांदा उलथत न्हाई मी."

"धपाटं करपलं की कळतं," शिवगंगा लिहायची. "तुम्ही करपलात तर कळणार नाही."

सगळ्यात आधी उत्तर यायचं ते इस्लापूरच्या वैजनाथकाकांचं. मोहाच्या झाडावरून पडलेला साठीचा माणूस. कंबरेखालचं गेलेलं, एक खांदा कायमचा उतरलेला, त्यामुळे त्यांनाही दुसऱ्याच्या हाताशिवाय कूस नव्हती. "हजर बाई. डावी." कधी त्यासोबत लहानसा आवाजी निरोप पाठवायचे: "आज सहस्रकुंडाच्या धबधब्याचं पाणी हितवर ऐकू येऊन राहिलंय. तुमच्याकडं काय ऐकू येतं?"

शिवगंगा कान देऊन ऐकायची आणि लिहायची, "खालच्या घरचा कुकर."

त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण दुपारी कुलूपबंद घरात फोन थरथरला की तिला वाटायचं, कोणीतरी दार वाजवलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत, एका सकाळी, वैजनाथकाकांच्या नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता.

"मॅडम, मी साक्षी. वैजनाथ माझे सासरे. त्यांना नांदेडला मोठ्या दवाखान्यात आणलंय."

"काय झालं?"

"माकडहाडावर जखम. हाडापर्यंत गेलीय म्हणतेत. वास सुटला तवा कळलं आम्हाला."

"पण ते तर रोज कूस बदलत होते," शिवगंगा म्हणाली. "दुपारचीसुद्धा."

साक्षी म्हणाली, "दुपारी कोण बदलणार मॅडम? आम्ही सगळे रानात. सकाळी पाठीवर टाकून जायचो, संध्याकाळी बघायचो. मामा फोनवर काय लिहीत होते ते मला आज कळालं. विचारलं, तर म्हणतेत, बाई वाट बघतेत, त्यांचा जीव कशाला टांगून ठेवू."

फोन ठेवल्यावर शिवगंगा छताकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण यायला जागाच नव्हती. दुपारी एकच्या सुमारास, कुलूपबंद घरात, पाठीवर पडल्यापडल्या ती स्वतः रोज काय लिहीत होती? "उजवी." तिनं नाही लिहिलं तर कोण लिहिणार, असं तिला वाटायचं. वर्गात मुलं शेजारच्या गैरहजर पोराची 'हजर' ओरडायची, ते तिला बरोबर कळायचं. इथं सगळा वर्ग ओरडत होता, आणि ओरडणाऱ्यांत पहिली बाई.

त्या संध्याकाळी तिनं वहिनीला विचारलं, "मला काकांना बघायला दवाखान्यात नेता येईल का? इथलाच आहे. रिक्षानं पंधरा मिनिटं."

विशाखानं भाजीची पिशवी खाली ठेवली. "शिवाताई, दोन जिने आहेत. मागच्या वेळी उतरवायला चार माणसं लागली होती." मग हळू आवाजात म्हणाली, "माझी पाठ पण धरलीये हल्ली. सांगितलं नाही तुम्हाला."

"बरं," शिवगंगा म्हणाली.

दुसऱ्या सकाळी लिंग हातात आलं, तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. ती त्याच्याकडे बघत राहिली. पुन्हा चालू दे, असं मागणं तिनं केव्हाच सोडलं होतं. आज काही मागायला सुचेना. तिच्या ध्यानात एवढंच येत होतं की ग्रुपवर खरं लिहिलं तर लोक ओशाळतील, गप्प होतील, निघून जातील. मग दुपारी फोन थरथरणार नाही, नुसतं कुलूप उरेल. आणि नाही लिहिलं तर आणखी कोणाच्या पाठीला वास सुटेल.

दहाला कुलूप लागलं. दुपारी ग्रुपवर डावी, उजवी येऊ लागलं. तिनं पेरानं एकेक अक्षर दाबलं:

"पाठीवरच. घरात कोणी नाही. रोज दुपारी कोणी नसतं. मी रोज खोटं लिहीत होते."

निळ्या खुणा उमटत गेल्या. उदगीरचा एक जण ग्रुप सोडून गेला. कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. गुरुलिंगचं नाव वर लिहितोय-लिहितोय असं दिसत राहिलं आणि विझलं.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. वैजनाथकाका.

"हजर बाई," आवाज खोल गेलेला होता. "पालथा पडलोय. हितं नर्स करतेत."

"काका, माझ्यामुळं झालं हे."

"तुमच्यामुळं कसं? मोहाचं झाड तुम्ही लावलं व्हतं का?"

तिला हसू आलं. डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं. ते पुसायला हात पोचत नव्हता.

"बाई, बोलायला दम न्हाई," ते म्हणाले. "पण फोन ठेवू नका."

"नाही ठेवत."

तिकडून वॉर्डातल्या पंख्याची घरघर येत राहिली, कोणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं. इकडून काय जात होतं कोण जाणे. खालच्या घरचा कुकर असेल. नंतर तिकडं श्वास जड आणि सारखा झाला. त्यांना झोप लागली असावी. शिवगंगानं फोन तसाच चालू ठेवला आणि पाठीवर पडून जिन्यावरच्या पावलांची वाट बघत राहिली.