कानाने निवडलेला कूलर

हेमाताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पंखा बंद करायला सांगत. बसायच्या आधी, पाणी घ्यायच्याही आधी. मग त्यांची नजर फ्रिजकडे जाई, आणि घरचा माणूस सोशिक असला तर तोही बंद करवून घेत. खोली पुरती गप्प झाली की क्षणभर डोळे मिटून बसत आणि म्हणत, "हां, आता बोल." वसईकडच्या उन्हाळ्यात अशा पाहुण्यांना कुणी हौसेने बोलावत नाही. आमच्याकडे त्या आपणहून आल्या, आणि त्याला कारण माझं संगणकज्ञान होतं.

या ज्ञानाबद्दल थोडं सांगायला हवं. मी घरी बसून एका कंपनीची पगारपत्रकं करतो. त्या कामाने कुठल्याही प्रोसेसरला घाम फुटत नाही. तरीही तो थंड ठेवण्याच्या विषयात मी अनेक महिने बुडालो होतो. प्रोसेसरच्या खोक्यात जो छोटा कूलर फुकट मिळतो तो मला एकाएकी हलका वाटू लागला. मग एक टॉवरवाला, म्हणजे पात्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला, बरा की दोन टॉवरवाला, तांब्याच्या नळ्या चार असाव्यात की सहा, बसक्या कूलरमध्ये काही दम असतो का, यावर मी जगभरच्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. शेवटी दोन पंख्यांचा, डबल टॉवर कूलर मागवला. तो इतका उंच निघाला की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकणच लागेना. बायकोने त्याच्याकडे पाहून विचारलं, की याच्यासाठी वेगळी खोली घ्यायची आहे का. नालासोपाऱ्यातल्या आमच्या वन बीएचकेत हा प्रश्न खोचक होता. मी मुकाट्याने खरेदी-विक्रीच्या गटावर जाहिरात टाकली आणि तिच्यात स्वतःला 'जाणकार' म्हणवून घेतलं.

ती वाचून जवळच्या गास गावाहून हेमाताई आल्या. पासष्टीच्या आसपास, सुती साडी, हातात छत्री. पंखा बंद करवून झाल्यावर त्यांनी कूलरकडे न बघताच विचारलं, "आवाज किती करतो?"

मी तापमानावर बोलायला लागलो. तांब्याच्या नळ्या उष्णता वर कशी नेतात, अॅल्युमिनियमच्या पात्या ती कशी पसरवतात, हे हातवारे करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. इतक्या तुलना पाहिल्या होत्या, पण त्या सगळ्या मी पंख्याखाली बसून, आवाज मोठा ठेवून पाहिल्या होत्या.

हेमाताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर त्या अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागल्या. गासला वाडीतल्या घराच्या मागच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या टांगून हे काम चाले. त्यांचा कॉम्प्युटर जुना. एकीकडे त्याला कालच्या फाइलमधली खरखर काढायला लावायची आणि त्याच वेळी माइकसमोर आजचं प्रकरण वाचायचं, अशी त्यांची घाई असे. खरखर काढता काढता प्रोसेसर तापे, पंखा किंचाळू लागे, आणि तो नवा आवाज नव्या प्रकरणात जाऊन बसे. कधी मशीन तापून मध्येच बंद पडे. "पोरीला डोळे नाहीत, कान आहेत," त्या म्हणाल्या. "तिच्या कानात मी कचरा नाही टाकनार."

ही पोरगी म्हणजे निशा. विरारला राहणारी, इतिहास घेऊन बी.ए. करणारी. परीक्षा जवळ आली होती आणि तिचं अर्धं पुस्तक अजून ताईंच्या गळ्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझा डबल टॉवर घेऊन गासला गेलो. कूलर येणार हे ताईंचे यजमान, भाऊ, यांना कळलं होतं. त्यांनी खिडकीतली जागा मोकळी करून ठेवली होती आणि विहिरीच्या पाण्याची बादलीही भरून ठेवली होती. पिशवीतून मी काय काढतो ते त्यांनी पाहिलं, बादली उचलली आणि केळींना घातली.

ताईंचं कॅबिनेट जुन्या काळचं, चांगलं रुंद होतं. त्यात माझा कूलर मावला, झाकणही लागलं, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. मशीन चालू केलं. थोड्याच वेळात तापमान नव्वदीच्या पुढे गेलं आणि दोन्ही पंखे एकदम ओरडू लागले. मी आधी ताईंच्या जुन्या प्रोसेसरला दोष दिला, मग कूलरखाली लावायच्या थर्मल पेस्टला, मग वसईच्या दमट हवेला. भाऊ दारात उभे राहून ऐकत होते. हवेला दोष दिल्यावर तेही निघून गेले.

शेवटी कूलर उलटा केला. त्याच्या तळाला, जिथे तो प्रोसेसरला चिकटतो तिथे, पारदर्शक प्लास्टिक तसंच होतं. त्यावर इंग्रजीत सूचना छापलेली होती. ताईंनी कूलर हातात घेतला, चष्मा लावला, आणि पुस्तक वाचायच्या त्यांच्या त्या स्वच्छ, सावकाश आवाजात मराठी करून वाचली: "बसवण्यापूर्वी हे आवरण काढावे." मग चष्मा काढून म्हणाल्या, "जाणकारा, चहा घे."

आवरण काढल्यावर तापमान उतरलं, पण ताईंचं समाधान झालं नाही. दोन पंखे एकमेकांशी किंचित बेसूर चालत होते. मला ते ऐकूच येत नव्हतं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, की दोन बायका एकाच वेळी हळू बोलत असल्यासारखं वाटतंय, आणि एक्स्चेंजच्या लाइनवर असं झालं की ताई दोघींचंही बोलणं तोडून टाकत. मी डबल टॉवरची बाजू पुष्कळ लढवली. तो किती अंश थंड ठेवतो ते सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मला बर्फ करायचाय का?"

मग मी ओळखीच्या दुकानदाराकडून आणखी दोन कूलर परत करायच्या बोलीवर आणले. बसका कूलर जागा कमी घेई, पण त्याचा लहान पंखा पळून पळून कावलेला. दुसरा साधा, एक टॉवर आणि एक मोठा पंखा असलेला. मोठा पंखा हळू फिरला तरी पुरेशी हवा ढकलतो, एवढं तरी मी व्हिडिओत नीट ऐकलं होतं. ताईंनी प्रत्येक कूलरबरोबर तोच एक परिच्छेद वाचला, आणि वाचायच्या आधी नुसती रिकामी खोली रेकॉर्ड केली. मग आम्ही दोघांनी हेडफोन आळीपाळीने लावून त्या रिकाम्या खोल्या ऐकल्या. एक टॉवरवाल्याच्या वेळी मला वाटलं रेकॉर्डिंगच झालेलं नाही. ताई म्हणाल्या, "झालंय. वाडीतला कोतवाल बोलतोय बघ, लांब." मी पुन्हा ऐकलं. खरंच तो पक्षी होता. ताईंनी हाच कूलर ठेवून घेतला.

तिथपासून माझं गासला जाणं सुरू झालं. निमित्त कधी धूळ काढायचं, कधी पंख्याचा वेग आणखी थोडा उतरवायचा. खरं म्हणजे मला ताईंचं वाचन ऐकायला आवडू लागलं होतं. वाचताना त्यांचा 'ण' ठणठणीत असे. पुस्तक मिटलं की पाण्याचं लगेच पानी होई. मी एकदा त्यावर बोललो, तेव्हा म्हणाल्या, "ती पुस्तकाची भाषा. तिला चांगले कपडे घालून लोकांकडे पाठवायची. घरात आपन आपले."

पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं राहिली असताना त्यांचा आवाज बसला. त्यांनी लवंग चघळली, गरम पाणी घेतलं, माझ्यापासून लपवलं. मग डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन करायचं ठरलं, आणि त्यानंतर आवाज राहील याची खात्री कुणी देईना. तोवर बोलणंही बंद. भाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा ताई बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी पुस्तक उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

मी पुष्कळ नाही म्हटलं. माझा आवाज पगारपत्रकासारखा आहे, सगळं एका ओळीत. ताई समोर बसल्या. त्यांनी हात वर नेला की मी आवाज चढवायचा, तळहात खाली केला की थांबायचं. एका वाक्यात मी तीन ठिकाणी चुकीचा श्वास घेतला. त्यांनी डोक्याला हात लावला. भाऊ हसले, मग ताईही आवाज न करता हसल्या, आणि ते वाक्य आम्ही पुन्हा घेतलं. मशीन शांत होतं, त्यामुळे माझी प्रत्येक चूक अगदी स्वच्छ रेकॉर्ड होत होती. दोन प्रकरणं वाचून होईतो माझी अनेक दिवसांची पगारपत्रकं रखडली आणि कंपनीतून फोन आले. ते घ्यायला मी बाहेर वाडीत जात असे.

ऑपरेशननंतर ताईंचा आवाज परत आला नाही. निशा पास झाली, हे त्यांना कळलं. ती घरी आली होती, ताईंचा हात हातात धरून बराच वेळ बसली. ती एकटीच बोलत होती, आणि ताई तिच्या तळहातावर बोटाने थोपटून उत्तरं देत होत्या. त्या पावसाळ्यात ताई गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी निशाचा मला फोन आला. पुढच्या वर्गाचं राज्यशास्त्राचं पुस्तक होतं. ते मी वाचून देईन का, असं तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, दुसरं कुणी बघ, मला वाचता येत नाही. ताईंचं ऐकल्यावर माझं ऐकणं म्हणजे शिक्षा आहे.

"हो, तुम्ही वाईट वाचता," ती म्हणाली. "कठीण शब्द आला की आधी घाबरता, मग जोरात म्हणता." मग पुढे म्हणाली, "पण ताई वाचायच्या तेव्हा वाटायचं, यांना सगळं येतंय, मलाच येत नाही. तुमचं ऐकताना कळतं की तुम्हालाही आत्ताच कळतंय. मग मी एकटी नसते अभ्यासाला."

मी पुस्तकाचं नाव लिहून घेतलं. सध्या आमचं सार्वभौमत्वाचं प्रकरण चालू आहे. तो शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही.