झिपरूदादाच्या खाचरातलं आवण

माझी भावजय सोमी बाप्तिस्मा घेऊन आली आन माझ्या डोक्याला ताप झाला. नवरा गेल्यापासून मी धाकट्या भावाकडे, सुकाकडे राहते. त्यानंबी बायकोसंगं बाप्तिस्मा घेतला. मी नाय घेतला. वाणगावच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आमचा पाडा, आन पाड्यात ख्रिस्ती घर हे एकच.

सोमीला जिथं तिथं येशू दिसायचा. माझ्या पायात काटा मोडला, ती दुसरा काटा घेऊन काढायला बसली आन मधेच थांबून म्हणाली, "बाय, दुखणं काढायला देवालापण दुखणंच हातात घ्यावं लागलं बघ."

मी ओरडले, "अगं बये, आधी काटा काढ, मंग तुझा देव!" राखेखाली विस्तव टिकला तरी तिला शिकवण, कोंबडी खुडूक बसली तरी शिकवण. कान किटले माझे.

मोठा भाऊ झिपरूदादा पाड्याचा कारभारी. धाकट्यानं देव बदलला म्हणून त्यानं आमाला वाळीत टाकलं. विहिरीवर जायचं नाय, आमच्या कामाला कुणी यायचं नाय. तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम चालू झालं होतं. सुका तिथं दगड वाहायला जायचा, आमी दोघी घरचं ओढायचो.

त्या माघात लाडकी गेली. सोमीची एकुलती एक पोर. ताप डोक्यात चढला आन बघता बघता गेली. एक माणूस दाराशी आला नाय. दुष्मनाच्या मयतालाबी माणसं जातात हो! सुकानं पोरीला हातांवर उचलून नेलं, खड्डा आमी दोघींनी खणला. झिपरूदादा, तिचा सख्खा काका, ओट्यावर तोंड फिरवून बसला होता. मी जाताना त्याला शिव्या घातल्या. त्यानं ऐकल्या, पर उठला नाय.

त्यानंतर सोमीची शिकवण बंद पडली. काटा मोडो, चूल विझो, ती गप्प. माझाच जीव कासावीस व्हायचा. बोल ना गं काहीतरी, असं वाटायचं.

आषाढात ओहोळाला पूर आला आन झिपरूदादाचा राब, रोपं वाढवायचा वाफा, वाहून गेला. सगळी भाताची रोपं गेली. नव्यानं पेरायला वेळ राहिला नव्हता. लावणी हुकली तर वर्षभर त्याची पोरं खातील काय? आमच्याकडे ज्याचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, उरतं, तो कमी पडलेल्याला देतो. मागावं लागत नाय. पर त्या साली दुसऱ्या कुणाचं उरलं नव्हतं. उरलं होतं ते आमचं. आन आमच्याशी बोलायचं नाय, देणंघेणं करायचं नाय हा हुकूम त्याचाच!

त्याची बायको ठकीवयनी आमच्या कुडाशी येऊन रडून गेली. आत आली नाय. सुका म्हणाला, "कुजू दे आवण. एक काडी द्यायची नाय." मीबी म्हटलं, बरी जिरली. आन सोमीला टोचलं, "काय गं, यात नाय का तुझ्या देवाची शिकवण?"

ती म्हणाली, "तो काय सांगतोय ते मला ठाव हाय, बाय. म्हणून तर मी त्याच्याशी बोलत नाय."

त्या रात्री ती जेवली नाय. सकाळी बघते तर राबात वाकलेली. कुणाच्या तरी झिंज्या उपटाव्या तशी रोपं उपटत होती. सुका धावत गेला. "सोमे, पोरीला विसरलीस?"

"विसरले असते तर सोपं होतं," ती म्हणाली आन जुड्या बांधत राहिली. सुका बाजूला झाला.

टोपली तिनं डोक्यावर घेतली, दुसरी मी. झिपरूदादा रिकाम्या खाचरात उभा होता. आजूबाजूच्या बांधांवर माणसं काम थांबवून बघत होती. आवण घेतलं तर त्याचाच हुकूम त्यानं मोडला असता. त्यानं एकदा सगळ्यांकडे बघितलं, मंग पुढं येऊन दोन्ही हातांनी सोमीची टोपली उतरवली. म्हातारा झाला होता तो त्या दोन दिवसांत.

"सोमे," तो म्हणाला, "पोरीच्या टायमाला मी—"

"तिचं नाव तोंडातून काढू नको, दादा. आवण घे. तुझी पोरं जेवली पायजेत. पर मी तुला माफ केलं असं समजू नको. माझ्याच्यानं झालं नाय अजून. कधी होईल ते ठाव नाय."

त्यानं एक जुडी सोडली आन लावायला वाकला. खाचर मोठं, लावायला तो आन ठकीवयनी दोघंच. उपटलेली रोपं तशीच पडली असती तर दुपारपर्यंत माना टाकल्या असत्या. सोमीनं लुगडं खोचलं, चिखलात उतरली आन त्याच्या शेजारी वाकून लावायला लागली. ढसाढसा रडत होती, पर हात थांबत नव्हता.