नकटीची शिट्टी

त्या सकाळी कन्हान नदीवर असं धुकं पडलं होतं की डोंग्याच्या या टोकाला बसलेल्या माणसाला ते टोक दिसू नये. थंडी तर विचारूच नका. जाळ्यात मासा अडकला की हाताची बोटं, हे पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. धुक्याचं आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी मी जो गाढवपणा केला त्यातला अर्धा वाटा धुक्याचा आहे. उरलेला माझा. हसा बापा, मला सवय आहे.

ही गोष्ट आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली. सावनेरच्या अलीकडे नदीकाठी आमचं गाव. आम्ही ढिवर, मासे धरणारे. आमच्या डोहात पाणमांजरं राहायची. तुम्ही पाहिली आहेत का कधी? कुत्र्याएवढं जनावर, अंगानं चोपडं, पोहण्यात माशाचा बाप!

आधी माझं त्यांच्याशी वैरच होतं. रोज सकाळी जाळं फाटलेलं. मला वाटलं, हे शेजारच्या किसनाचं काम. त्याचंही जाळं फाटायचं, त्याला वाटलं माझं. भिंतीला भिंत लागून घर, आणि दोघांचं बोलणं बंद! पुढे एकदा मी डोळ्यांनी पाहिलं, पाणमांजर माझं जाळं दातांनी टराटरा फाडत होतं. किसनाला जाऊन सांगायचं होतं, बापा, चोर तू नव्हेस. आज सांगू, उद्या सांगू, करता करता चार वर्षं गेली.

पाणमांजरांशी मात्र माझं जमलं. कसं? नुसतं बसून पाहिलं. उन्हं वर येईस्तोवर डोह त्यांचा. ती मासे हाकलायची, मासे घाबरून उथळ पाण्यात यायचे, आणि तिथे माझं जाळं. त्यांचंही पोट भरे, माझंही. त्यात एक मादी होती, चपट्या नाकाची. तिला मी नकटी म्हणायचो. ती बारीक शिट्टी घालायची, मीही ओठ आवळून घालायचो. ती मान वर करून माझ्याकडे पाहायची. बस, एवढंच. पण सकाळी एवढं झालं की मला दिवसभर बरं वाटायचं.

मग नदीत रेतीचे ट्रक उतरायला लागले. त्यांची घरघर सुरू झाली आणि पाणमांजरं गेली. दिवाळी गेली, थंडी पडली, डोह आपला नुसता पाण्याचा. मला तर जेवण गोड लागेना. रोज जाऊन शिट्टी घालायचो आणि कान लावून बसायचो.

आणि एका सकाळी, पलीकडच्या काठावरून, धुक्यातून, शिट्टी आली!

मी पुन्हा घातली. पुन्हा आली! अहो, डोंग्यातून पडता पडता राहिलो. जवळ गेलो तर पळेल, म्हणून गेलो नाही. मधल्या खडकावर चांगली हातभर मरळ ठेवली आणि मागे सरलो. धुकं विरलं तेव्हा मरळ गायब!

मग रोज तेच. जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा खडकावर.

"काहून जी, आज बी मोठी मरळ नाही?" माझी बायको जना विचारायची.

"नकटीले देल्ली."

"बाई असती तं भांडली असती मी. आता मांजरासंग काय भांडू?"

आमच्या ताटात वरण, आणि भिंतीपलीकडून तळलेल्या मरळीचा वास! मी म्हणायचो, किसनाचं नशीब आजकाल जोरात आहे.

चहाच्या टपरीवर मी सांगितलं, नकटी परत आली. सगळे हसले. "बुढा सटकला!" तेव्हा किसनाच बोलला, तेही चहावाल्याकडे तोंड करून, "हसू नका बे. आली हाये. म्या बी रोज शिट्टी आयकून राहिलो." चार वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या बाजूनं बोलला होता! मग माझ्या मनात शंका कशाला राहते?

तर ती धुक्याची सकाळ. पंधरा दिवस झाले होते. मला तिला एकदा पाहायचं होतं. मासा ठेवला आणि मागे न जाता खडकाच्या आडोशाला डोंगा धरून बसलो. शिट्टी घातली. उत्तर आलं, अगदी जवळून. पाण्यात चुबुक चुबुक झालं. खडकावर काहीतरी काळं, ओलं, गोल डोकं वर आलं.

"आली का वं नकटे?" मी हळूच म्हटलं. "कुठी गेली होतीस वं बाई? तुह्याबिना मले गमत नव्हतं. इकडे पाह्य ना वं!"

डोकं वळलं. त्याला मिशा होत्या. त्या पाणमांजरालाही असतात म्हणा. पण विडी?

"कोनाले गमत नव्हतं?" डोकं म्हणालं.

किसना! डोक्यावरून धुक्यानं भिजलेली काळी घोंगडी, एका हातात वल्हं, दुसऱ्या हातात माझी मरळ.

"हे काय करून राहिला बे?" मी ओरडलो.

"मासा नेऊन राहिलो. नकटी ठेवते माह्यासाठी."

"नकटी नाही, मी ठेवतो! अन् ते शिट्टी?"

"मीच घालतो. तिच्या शिट्टीले जवाब."

"तिची नव्हती गा. माही होती."

त्यानं मरळ खाली ठेवली. वरच्या अंगाला ट्रकची घरघर सुरू झाली.

"म्हंजे किसना," मी विचारलं, "नकटी आलीच नाही?"

किसनानं विडी पाण्यात टाकली.

"मी बी रोज म्हनो गा," तो म्हणाला, "शिट्टी तं तिचीच हाये, पन तिले इतका दम काहून लागून राहिला? म्हटलं, म्हातारी झाली असंन बिचारी."