लाल टोपीवरचा ओला कापूस

काल एक लग्नपत्रिका उघडली, आणि ताज्या शाईच्या वासाने मला थेट बहारीनला, नव्वदच्या दशकातल्या नईम भागातल्या आमच्या छापखान्यात नेऊन उभं केलं.

सित्राच्या रिफायनरीतला एक अमेरिकन इंजिनिअर आपल्या आजोबांचं कार्ड घेऊन आला होता. फार जुन्या काळी सिगारेटच्या पाकिटात निघालेलं, बेसबॉल खेळाडूच्या चित्राचं. अशी कार्डं कशी छापत, याचा तो शोध घेत होता. भिंगाखाली हाताने दिलेले वेडेवाकडे ठिपके दिसले. म्हणजे दगडावरची छपाई. टोपीचा लाल रंग मात्र सपाट होता. छापलेला, की मागाहून रंगवलेला? रंगवलेला असेल तर ओल्या कापसाने उतरणार होता.

"करा," तो म्हणाला, पण त्याचा हात कार्डावरून निघेना.

मी कापूस भिजवला. तोच आमचे फोरमन कांबळेकाका म्हणाले, "आण इकडं. तू सरक." आर्टवर्क मी करायचे, शंकाही माझीच, मला रागच आला.

त्यांनी कापूस टेकवला. हलकेच दाबून उचलला. मग काका पुटपुटले, "खलास."

मला वाटलं, कार्ड गेलं! पण अमेरिकन हसत होता. कापूस पांढराशुभ्र होता. बहारीनमध्ये खलास म्हणजे नुसतं 'झालं'. मला येऊन जेमतेम महिना झाला होता.

माझा व्हिसाही तेवढाच नवा होता; एका चुकीवर मला परत धाडलं असतं. कार्ड बिघडलंच, तर ते कुणाच्या हातून, हे काकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी मात्र त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.