पहिल्या खांद्याची चोरी

आमच्या आळीच्या देवीच्या उत्सवाची स्मरणिका निघते आहे. तिच्यात माजी अध्यक्षांचा गौरव आहे आणि सर्वांत जुना कार्यकर्ता म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द लिहायला मला सांगितलंय. लिहितो. दोनाहून जास्त होतील.

कसबा पेठेतल्या आमच्या देवळातून दसऱ्याला पालखी निघते. तिचा पहिला खांदा, म्हणजे पायरीपासून आळीच्या तोंडापर्यंत पुढचा दांडा वाहायचा मान, एका तांबटाच्या घराण्याकडे होता. देवीचा तांब्याचा मुखवटा त्यांच्या आजोबांनी घडवला, म्हणून. त्यात ना शेला ना सत्कार. शंभरेक पावलं, बस्स. नियम मात्र कडक: निघायच्या वेळी जो हजर नाही, त्याचा मान कायमचा गेला.

एकसष्टच्या पुरानंतर चार-पाच वर्षांनीची गोष्ट असेल. मी खडकीच्या कारखान्यात कारकून होतो आणि उत्सवाचा चिटणीस. अध्यक्षांचं कापडाचं दुकान होतं. एरवी ते म्हणायचे, "ही जुनी थोतांडं आहेत हो, लोकांसाठी करायची." पण त्या वर्षी त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं, आणि लोकांनी आपल्याला देवीच्या पालखीखाली बघावं असं वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी मला म्हणाले, "तांबटांना निरोप द्या. पालखी पाचला निघेल."

"चारला ना?"

"मी पाच म्हटलं, चिटणीस."

मी गेलो आणि पाच सांगितलं. तांबट म्हणाले, "बरं झालं, जरा निवांत आवरतो. चहा घेणार?" मी चहा घेतला. खोटं सांगून वर तोही घेतला.

पाचला ते धूतवस्त्र नेसून अनवाणी आले. देवळासमोर मी सतरंज्या गुंडाळत होतो. पालखी केव्हाच गेली होती, अध्यक्षांच्या खांद्यावरून. तांबटांनी गुलालाने लाल झालेल्या फरश्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत गेले. आठवड्याने मी इतिवृत्तात लिहिलं, 'तांबट यांनी स्वखुशीने मान सोडला.' माझ्या अक्षराचं अध्यक्षांनी कौतुक केलं.

दसऱ्याला कारागीर हत्यारांची पूजा करतात, ती उचलत नाहीत. पुढच्या दसऱ्याला पालखी परतीच्या वाटेवर तांबटांच्या दारावरून जाताना आतून हातोड्याचे घाव ऐकू आले. ताशावाले बिचकले. तांबट वारेपर्यंत दर वर्षी तसंच झालं. आळीने त्यांना अधर्मी ठरवलं. खरं कारण मला ठाऊक होतं, पण मी बोललो नाही. पालखीपुढे गुलालाचं ताट धरायचा मान मला मिळत होता, एवढ्यासाठी.

परंपरेला आता काय अर्थ उरला, असं मला नातवंडं विचारतात. अर्थ नसता तर अध्यक्षांनी ती चोरली नसती, आणि एका सज्जन माणसाने सणाच्या दिवशी आपल्याच देवीवर रागावून तांब्यावर घाव घातले नसते.

गेल्या महिन्यात मी तांबटांच्या मुलीकडे, सदाशिव पेठेत, गेलो. निवृत्त शिक्षिका आहेत. सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबांना सांगायला वेळ झाला नाही वाटतं?"

"चुकलो. तो मान तुमच्या घरात परत आणायचा प्रयत्न करतो."

"आम्हाला नको. त्यांच्याकडून काढा, तेवढं पुरे."

परवाच्या सभेत मी उभा राहून हे सगळं वाचलं. माजी अध्यक्ष पुढच्या रांगेत होते, शेजारी त्यांचा मुलगा. हल्ली पहिला खांदा त्याचा असतो. ते म्हणाले, "अहो, वय झालं तुमचं. शंभर पावलांचं काय घेऊन बसलात?"

"एवढीशीच आहेत ना? मग सोडा."

"पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे आमचा."

"दोन पिढ्यांचा. पहिली मी करून दिली."

कोणी हसलं नाही. पण खांदाही सुटला नाही.

स्मरणिकेवाले हे छापणार नाहीत, हे कळण्याइतका मी पुणेकर आहे. म्हणून झेरॉक्स काढल्या आणि आळीतल्या प्रत्येक घरात टाकल्या. एक माजी अध्यक्षांच्या व्याह्यांनाही पाठवली. दसऱ्याला अकरा दिवस आहेत. त्यांच्या मुलाने आता खुशाल खांदा द्यावा. लोक त्याच्याकडे बघतील, मग मी कुठे उभा आहे ते बघतील. मी पायरीपाशीच असेन.